‘आपण तर फक्त भाडं घेतो’



आज थोडं कडक लिहिणार आहे. कुणाला लागलं तर क्षमावाणीला क्षमा मागेन, पण मुद्दा मागे घेणार नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या सांगली-कोल्हापूर-बेळगावकडच्या बऱ्याच घरांनी गोव्यात फ्लॅट घेतले. कुणी ऊसबिलाचे पैसे साठवून, कुणी गावाकडचा प्लॉट विकून, कुणी परदेशातल्या मुलाच्या पगारावर. वर्षातून आठ दिवस आपण जायचं आणि बाकीचे दिवस पर्यटकांना रोजाच्या भाड्याने द्यायचं. सांभाळायला एखादी कंपनी असते. ती पाहुणे आणते, चाव्या देते, सफाई करते, आपलं कमिशन कापते आणि उरलेली रक्कम महिन्याच्या महिन्याला खात्यात टाकते. स्वाध्याय संपल्यावर बस्तीच्या ओट्यावर हा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य कानावर येतं, “आपल्याला काय करायचंय? आपण तर फक्त भाडं घेतो. बाकी सगळं कंपनी बघते.”

हे वाक्य व्यवहारात खोटं आहे आणि धर्मातही खोटं आहे. मी गेली सहा वर्षं हाच व्यवसाय करते. आपल्याच समाजातल्या सात कुटुंबांचे नऊ फ्लॅट दक्षिण गोव्यात सांभाळते. त्यामुळे हे ऐकीव लिहीत नाही.

आधी व्यवहार बघू. कंपनीशी करार करताना आपल्यापुढे एक फॉर्म येतो. एका रात्रीचं कमीत कमी भाडं किती, किती माणसांना राहू द्यायचं, स्वयंपाकघर उघडं ठेवायचं का, मांसाहार चालेल का, मद्य चालेल का, पार्टी चालेल का, पाळीव प्राणी चालतील का, सफाईचा खर्च पाहुण्याकडून घ्यायचा की भाड्यातून. हे सगळं मालक ठरवतो आणि खाली सही करतो. ऑनलाइन जाहिरातीत ‘घराचे नियम’ म्हणून जे छापून येतं ते या सहीवरून येतं. कंपनीचा माणूस फक्त एवढंच सांगतो की जितकं जास्त ‘चालेल’ म्हणाल तितकी बुकिंगं जास्त. आपल्या घरातली कर्ती माणसं मग सगळीकडे ‘चालेल’वर खूण करतात. घरच्या बाईला तर तो फॉर्म दाखवतही नाहीत, आणि तीही मागत नाही. म्हणजे कंपनी जे बघते, ते आपण सांगितलेलं बघते.

आता धर्म. जपमाळेत मणी किती? १०८. का, ते पाठशाळेत शिकलो आहोत. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात कर्म आत येण्याच्या वाटा मोजल्या आहेत. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. कृत, कारित, अनुमत हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. गुणाकार करा, १०८ येतात. कृत म्हणजे स्वतः केलेलं, कारित म्हणजे दुसऱ्याकडून करवलेलं, अनुमत म्हणजे केलेल्याला संमती दिलेलं. आपल्या आचार्यांना ‘मी नाही केलं, माणसाकडून करवलं’ ही पळवाट माहीत होती, म्हणून ती त्यांनी आधीच बंद करून ठेवली. रोज सकाळी मणी ओढताना ज्यांची गणती करतो, त्यातले ३६ मणी एकट्या ‘कारित’चे आहेत आणि ३६ ‘अनुमत’चे. फॉर्मवरची सही या ७२ मण्यांत बसते.

आणखी एक आहे. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यात एक हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, विस्तव अशी हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. ज्याने दिली त्याने स्वतः काही कापलेलं नसतं. तरी दोष आहेच. मग सुरीसकट, कढईसकट, गॅससकट अख्खं स्वयंपाकघर अनोळखी माणसाच्या हातात देऊन वर त्याबद्दल पैसे घेतले तर हिशेब कसा लागेल, हे मी सांगायला नको.

ओळखीतलीच एक गोष्ट सांगते. एका घरच्या काकू, सत्तरीच्या, दोन वर्षांनी स्वतःच्या फ्लॅटवर गेल्या. येणार असल्याचं कंपनीला आदल्या रात्री कळवलं होतं. सकाळी आधीचे पाहुणे गेले, दुपारी काकू पोचल्या. फ्रीज उघडला तर खालच्या कप्प्यात मासे. काकूंनी त्या घरात पाण्याचा थेंबही घेतला नाही. बॅग घेऊन खाली गाडीत जाऊन बसल्या, मुलाने दोन तास समजूत घातली. इथपर्यंत ऐकून आपण सगळ्या हळहळतो. पण पुढचं कुणी सांगत नाही. मुलाने कंपनीला फोन करून आरडाओरडा केला आणि संध्याकाळपर्यंत सफाईच्या बाईला कामावरून काढून टाकलं. तिचा गुन्हा काय? त्या दिवशी तिच्याकडे तीन फ्लॅट होते. फ्रीज उघडून बघायला तिला वेळ मिळाला नव्हता. आणि ‘मांसाहार चालेल’ यावर खूण कुणाची होती? त्याच मुलाची. काकूंना ते आजही माहीत नाही. मासे कुणी आणले, कुणी आणू दिले आणि रोजगार कुणाचा गेला, या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या माणसांकडे जातात. ‘आपण तर फक्त भाडं घेतो’ या वाक्यामागे हे झाकलं जातं.

सफाईबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हा सगळा धंदा त्या कामावर उभा आहे आणि त्याबद्दल आपल्यात कुणीच विचारत नाही. पाहुणे सकाळी ११ ला जातात, दुसरे दुपारी २ ला येतात. मधल्या तीन तासांत दोन बेडरूमचा फ्लॅट नवा दिसला पाहिजे. चादरी-अभ्रे काढायचे, टॉवेल मोजायचे, दोन बाथरूम घासायचे, भांडी तपासायची, फ्रीज आणि कचरा रिकामा करायचा, आणि गोव्यात असल्यामुळे गादीखालपासून बेसिनपर्यंत पोचलेली वाळू काढायची. हे काम करणाऱ्या कितीतरी बाया आपल्याच सीमेपलीकडच्या, उत्तर कर्नाटकातल्या असतात. कन्नड बोलतात. आपल्या शेतात भांगलायला येणाऱ्या बायांच्या नात्यातल्याही असतील. फ्लॅटमागे ठरलेले पैसे मिळतात, पावसाळ्यात बुकिंग नसलं तर काहीच मिळत नाही. मग ती एका दिवसात तीन-तीन फ्लॅट घेते आणि नळीत ॲसिड ओतून मोकळी होते, कारण घासायला वेळ नाही.

आपल्याकडे घरातली मुंगी मरू नये म्हणून कुंच्याने हळुवार झाडायला शिकवतात. ती यत्ना भाड्याच्या घरात कुठे जाते? यत्नाचाराला वेळ लागतो आणि वेळेला पैसे लागतात. मी एका बाईला एका दिवशी एकच फ्लॅट देते आणि बारा महिने ठरलेला पगार देते, पाहुणे असोत-नसोत. पाहुणे नसतात त्या दिवसांत ती खिडक्या उघडते, गाद्यांना ऊन दाखवते, कपाटं उघडी ठेवते. गोव्याच्या पावसात बंद घराला पंधरा दिवसांत बुरशी धरते, आणि बुरशीत अनंत जीव असतात हे आपण लोणच्याच्या बरणीपासून शिकलो आहोत. ती धरल्यावर औषध मारण्यापेक्षा ती धरूच नये याची काळजी घेणं हा आपला मार्ग. ढेकूण, झुरळांचंही तेच. मोरीला जाळी, रात्री ओटा कोरडा, कचरा रोजच्या रोज बाहेर, गादीला चेनचं कव्हर. हे सगळं कंपनीच्या कमिशनपेक्षा महाग पडतं. पडू दे.

आता दुसऱ्या बाजूला बोलते, कारण आपल्यातली काही मंडळी एवढं वाचून म्हणतील, “बरोबर आहे, आम्ही पहिल्यापासून फक्त ‘आपल्या’ लोकांना देतो. आडनाव विचारूनच बुकिंग घेतो.”

याला माझा तितकाच विरोध आहे. घरावर नियम घालता येतो, माणसावर घालू नये. ‘या स्वयंपाकघरात मांस, मासे, अंडी शिजवू नयेत, घरात मद्य आणू नये’ हा घराचा नियम झाला. तो जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहावा, बुकिंगच्या वेळी पुन्हा सांगावा, म्हणजे ज्याला नको तो आनंदाने दुसरीकडे जाईल. बाहेर जेवून तो काय खातो हा त्याचा प्रश्न. पण आडनाव विचारणं, फोनवर बोलण्याची ढब ऐकून ‘फ्लॅट रिकामा नाही’ म्हणणं, हे अहिंसेतून येत नाही. आठ मदांमध्ये कुलमद आणि जातिमद आहेत, त्यांच्यातून येतं. मुंबईत घर नाकारण्यावरून आपल्या समाजाबद्दल लोकांच्या मनात जो राग आहे, त्यातला काही गैरसमजातून असेल, पण काही आपण कमावलेला आहे. माझ्याकडे कोकणातली कुटुंबं येतात, घरी रोज मासे खाणारी. चार दिवस आमच्या ओट्यावर वरणभात-भाजी करतात आणि फ्रीज धुऊन पुसून देतात. आडनावं बघितली असती तर ती कधीच आली नसती. उलट ओळखीतल्याच एका ‘आपल्या’ घरच्या मुलांनी बाटल्या लपवून आणल्या होत्या. आडनावाने नेमकं काय कळलं?

तिसरी गोष्ट कायद्याची. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे. राज्याचे नियम डावलून केलेला व्यवहार, असा त्याचा अर्थ प्रवचनात आपण ऐकतो आणि ‘ते व्यापाऱ्यांसाठी’ म्हणून सोडून देतो. गोव्यात पर्यटकांना राहायला जागा देणाऱ्याला १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी करावी लागते. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. मिळालेलं भाडं विवरणपत्रात दाखवावं लागतं. ऑनलाइन बुकिंगचे पैसे करखात्याला दिसतातच, लपतं ते ओळखीतून दिलेलं, रोखीने घेतलेलं. आपल्या किती फ्लॅटांची नोंदणी आहे? ‘कंपनी बघते’ असंच इथेही म्हणायचं का? नोटीस मालकाच्याही नावाने येऊ शकते. आणि नोटीस आली नाही तरी व्रत आपलं आहे, कंपनीचं नाही.

शेजाऱ्यांचंही याच खात्यात येतं. त्या इमारतीत बारा महिने राहणारी गोंयकार माणसं असतात. मे महिन्यात टँकर मागवायची वेळ येते, तेव्हा आपले पाहुणे दोन-दोन वेळा तासभर शॉवर चालू ठेवतात. पाणी तुपासारखं वापरा, असं आपली आजी म्हणायची. पाणी गाळून जीवाणी परत विहिरीत सोडणाऱ्या आजीची नात शेजाऱ्यांच्या टाकीतलं पाणी विकून भाडं घेते, हे चित्र मला बघवत नाही. आमच्या फ्लॅटांत बाथटब काढून टाकले आणि नळांना पाणी कमी सोडणाऱ्या तोट्या बसवल्या. रात्री १० नंतर आवाज झाला तर शेजारच्या आजींना माझा स्वतःचा नंबर दिलेला आहे. फोन येतात. उचलते.

यावर दोन आक्षेप येतात, दोन्हींना उत्तर देते.

पहिला, “एवढं सोवळं पाळून धंदा होत नाही.” होतो, कमी होतो. ३१ डिसेंबरचा आठवडा गोव्यात सगळ्यात महाग. त्या आठवड्यात मद्य नको म्हटलं की निम्मे लोक फोन ठेवतात, आणि आमचे फ्लॅट शेजाऱ्यांपेक्षा कमी भाड्याने जातात. याच कारणाने माझ्या मावसबहिणीने गेल्या वर्षी तिचा फ्लॅट माझ्याकडून काढून एका कंपनीला दिला. तिला भाडं जास्त मिळतं, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण वर्षाचे बाकीचे दिवस बघा. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन येणारी, सूर्यास्तापूर्वी जेवणारी, कांदा-बटाटा न खाणारी, लहान मुलांना घरचं करून घालणारी माणसं गोव्यात स्वच्छ शाकाहारी ओटा शोधत फिरतात. गुजरातमधून येतात, राजस्थानातून येतात, बंगळूरहून येतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. न्यायाने मिळवलेलं धन ही श्रावकाची पहिली खूण सांगितली आहे. जास्त मिळवलेलं धन असं कुठेही म्हटलेलं नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. स्वाध्यायातल्या एक ताई मला म्हणाल्या, “इतका दोष आहे तर हा धंदा करूच नये.” त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण श्रावकाच्या हिंसेचे चार प्रकार आपण शिकतो, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. यातली संकल्पी गृहस्थाने पूर्ण सोडायची. उद्योगातली हिंसा सगळी टळत नाही, ती यत्नाने कमी करायची. शेती करणाऱ्या आपल्या समाजाला हे नवीन नाही. आणि परक्याला राहायला जागा देणं हे तर आपल्याला अजिबात नवीन नाही. कुंथलगिरी, गजपंथा, मांगीतुंगी, कुंभोज बाहुबली, कुठल्याही क्षेत्रावरची धर्मशाळा आठवा. वहीत नाव लिहून खोली मिळते, चादरी मोजून मिळतात आणि मोजून परत घेतात, पाणी गाळलेलं, भोजनशाळा सूर्यास्ताला बंद, आणि या नियमांबद्दल कुणी कुरकुर करत नाही, कारण ते सगळ्यांना सारखे आणि आधीच सांगितलेले असतात. आपण हे पिढ्यान्‌पिढ्या चालवलं आहे. गोव्यात गेल्यावरच आपल्याला का येईनासं होतं?

हां, एक प्रश्न मात्र त्या ताईंचा बरोबर आहे. परिग्रहाच्या यादीत ‘वास्तु’ आहे. पहिला फ्लॅट झाला, दुसरा कशाला? परिमाण ठरवून मग घ्या. घेऊन मग परिमाण वाढवू नका.

तर ज्यांचे फ्लॅट आहेत त्यांना माझी विनंती. यंदाच्या दशलक्षणात एक काम करा. घरातल्या माणसांकडून कंपनीचा करार मागून घ्या. “तुला काय त्यातलं कळतंय” म्हणाले तरी घ्या. मराठीत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. त्यात या पाच गोष्टी शोधा:

स्वयंपाकघराबद्दल आणि मद्याबद्दल आपण काय लिहून दिलं आहे.

सफाईच्या बाईला पैसे कोण देतं, किती देतं, पावसाळ्यात देतं का, आणि तिला दिवसाला किती फ्लॅट असतात.

पर्यटन खात्याची नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि ती चालू आहे का.

रोख आलेलं भाडं कुठे लिहिलं जातं.

पाहुणा नाकारायचा असेल तर कोणत्या कारणाने नाकारला जातो.

उत्तरं मिळाली आणि पटली तर कंपनी राहू द्या, माझं काही म्हणणं नाही. चांगल्या कंपन्याही आहेत, मालकाने लिहून दिलं तर पाळतात. पटली नाहीत तर नियम बदलून घ्या, नवी सही करा, आणि या वेळी सही तुमची असू द्या. भाडं कमी येईल. किती कमी, ते तीन महिन्यांत कळेल, आणि तेवढं झेपतं का ते तुमच्या घराने बसून ठरवावं. झेपत नसेल तर फ्लॅट विकणं हाही मार्ग आहे.

पण ‘आपण तर फक्त भाडं घेतो’ हे आता बस्तीच्या ओट्यावर माझ्यासमोर कुणी म्हणू नका. मी करार मागेन.